तुमचे प्रश्न : नोकरीचं नंतर, आधी संडासाचं बोलू

या खेपेची बरीच पत्रं एकाच घरातून आल्यासारखी आहेत. 'संस्था म्हणते पाठवा, आम्ही म्हणतो कसं पाठवू?' नव्या वाचकांसाठी सांगते: दीड वर्षाची असताना पोलिओत माझे पाय गेले. पायाला बांधायचं एक कॅलिपर आणि दोन कुबड्यांवर मी बावीस वर्षं कोल्हापुरातल्या एका संस्थेत अपंग मुलामुलींना काम मिळवून द्यायचं काम करते. कागदावर मी 'दिव्यांग' लिहिते, बोलताना तोंडात 'अपंग' येतं. रागावू नका.

प्रश्न : ताई, आम्ही कराड तालुक्यातले. मुलगा २६ वर्षांचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन. चार वर्षांपूर्वी कामावर असताना स्लॅबवरून पडला, मणक्याला मार लागला. कमरेखाली काही कळत नाही. तेव्हापासून घरीच आहे. त्याचं सगळं त्याची आई आणि मी करतो. एका संस्थेची माणसं येऊन गेली. सहा महिने राहायला पाठवा, काम शिकवू, पुढं नोकरीचं बघू म्हणाली. पण तिथं त्याचं कोण करणार? आणि तो स्वतःच नाही म्हणतो. मुरलीकांत पेटकर आमच्या शेजारच्या वाळवा तालुक्यातले. त्यांची गोष्ट रोज सांगतो, पण काही उपयोग नाही.

उत्तर : दादा, पेटकरांची गोष्ट थोडे दिवस बंद करा. पासष्टच्या युद्धात गोळ्या लागलेला जवान १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवतो, याचा मलाही अभिमान आहे. पण तुमच्या मुलाला आज पदक नकोय. त्याला सकाळी संडासला जायचंय, आणि त्यासाठी त्याला सव्वीस वर्षांच्या वयात आईला हाक मारावी लागते. रोज सकाळी जी लाज त्याला गिळावी लागते, तिच्यावर सुवर्णपदकाची गोष्ट ऐकवली तर चिडेल नाही तर काय करेल?

पन्हाळ्याकडच्या एका गावात मी असाच एक मुलगा बघायला गेले होते. बावीस वर्षांचा, मोटरसायकलवरून पडलेला. 'आळशी झालाय, कशालाच तयार नाही,' असं घरचे सांगत होते. बोलता बोलता त्याच्या आईनं चहा आणला. त्यानं कप हातात घेतला, दोन घोट प्यायला आणि खाली ठेवला. मी म्हटलं, 'आवडला नाही का रे?' तो काही बोलला नाही. आई आत गेल्यावर हळूच म्हणाला, 'चारनंतर मी पाणीसुद्धा पीत नाही. रात्री आईला उठावं लागतं.' पाणी कमी प्यायल्यानं त्याला लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता, वरचेवर ताप येत होता आणि तापामुळं तो पडून राहत होता. घरच्यांना दिसत होतं ते फक्त पडून राहणं.

तुमच्या मुलाच्या 'नाही'मागं असंच काहीतरी असणार. घरी निदान आई करते, तिथं परकी माणसं करणार. त्याला नोकरीची भीती नसेल, त्या परक्या हातांची असेल. म्हणून त्याला नोकरीबद्दल काही विचारू नका. एवढंच सांगा, की तिथं तुझं कुणी करणार नाही, तुझं तू करायला शिकवतील. मग बघा काय म्हणतो.

चांगल्या संस्थेत पहिले तीन-चार आठवडे कॉम्प्युटर नाही आणि शिवणयंत्रही नाही. आधी अंगाचं शिक्षण. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, कारण खाली कळत नाही आणि बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, झाला की सहा महिने गेलेच समजा. रात्री झोपताना आरशात पाठ-कुल्ले बघायचे, कुठं लाल झालंय का. दर चार-सहा तासांनी लघवीची नळी स्वतःच्या हातानं घालायची आणि काढायची. संडासची वेळ रोज एकच ठेवायची, म्हणजे पोटाला सवय लागते. आणि गुळगुळीत फळीवरून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीवरून कमोडवर सरकायचं. हे शिकवणारा माणूस स्वतः चाकाच्या खुर्चीवर असला तर सोन्याहून पिवळं. पन्हाळ्याच्या त्या मुलाला संस्थेत आल्यावर पहिल्यांदा एकट्यानं पलंगावरून खुर्चीत यायला पंचवीस मिनिटं लागली. वॉर्डन शेजारी हात मागं बांधून उभे होते. मला राहवेना, मी पुढं झाले तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं. आता तो इचलकरंजीत एका कापडाच्या ऑफिसात बिलिंगला आहे, आणि पाणी भरपूर पितो. हे मी मुद्दाम विचारते.

आपल्या भागात हे काही नवीन नाही. नसीमा हुरजूक यांना तरुणपणीच कमरेखालचं गेलं. त्यांनी एक्साइज (उत्पादन शुल्क) खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ दि हॅन्डिकॅप्ड' उभी केली. पुढं सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचं कामही त्यांनी अपंगांच्याच हातांनी सुरू केलं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसानं चालवलेल्या संस्थेत उंबरठे नसतात, एवढा एक फरक तुम्ही कुठंही गेलात तरी बघा.

मुलाला पाठवायच्या आधी एकदा तुम्ही स्वतः जाऊन या. ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचू नका, सरळ संडास बघा. खुर्ची आत जाऊन दार लागतं का? भिंतीला धरायला बार आहे का? तिथल्या मुलांना विचारा, गादी कुणाकडं आहे. म्हणजे खुर्चीवरची गादी, फोमची किंवा हवेची. नुसत्या रेक्झिनवर मुलं बसवत असतील तर माघारी या. काम लावून दिल्यावर कामाच्या जागी किती महिने येऊन बघता, हेही विचारा. 'नोकरी लागली की आमचं काम संपलं' म्हणणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्या वार्षिक अहवालात आकडे मोठे दिसतात, आणि त्यातली बरीच मुलं तीन महिन्यांत घरी परतलेली असतात. आणखी एक, सर्टिफिकेटं, आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) यातलं मूळ कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. यूडीआयडी काढलंच नसेल तर आधी ते काढा. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याशिवाय बहुतेक सवलती मिळत नाहीत, तुमच्या मुलाचं त्याहून बरंच जास्त निघेल.

आता कामाचं. तो इलेक्ट्रिशियन आहे हे तुम्ही पत्रात एका शब्दात उरकलंत, मला तर तेच महत्त्वाचं वाटलं. पोलवर चढणं गेलं, पण हात शाबूत आहेत. तुमचा भाग उसाचा. व्होल्टेज खालीवर झालं की पंपाच्या मोटरी जळतात आणि ऐन पाण्याच्या पाळीत वाइंडिंगवाल्याच्या दारात रांग लागते. मोटर रिवाइंडिंग हे बसून करायचं काम आहे: जळकी कॉइल काढायची, तारेचा गेज (जाडी) आणि वेढे मोजायचे, स्लॉटमध्ये कागद घालून नवी कॉइल बसवायची, वार्निश करायचं. टेबलाची उंची खुर्चीच्या हातांवर बेतून घेतली की झालं. पाच एचपीची मोटर उचलायला एक पोऱ्या किंवा चेन ब्लॉक लागेल. तो धडधाकट वाइंडिंगवाल्यालाही लागतोच. संस्थेनं कॉम्प्युटरच शिका म्हटलं तर शिकू दे, वाया जात नाही, पण त्यांना सांगा की दोन महिने एखाद्या वाइंडिंगच्या दुकानात बसवा. आमच्यासारख्या संस्थांना वाईट खोड असते. आमच्याकडं जो कोर्स चालतो तोच सगळ्यांना लागू पडतो असं आम्हाला वाटतं.

तो परत येईल तेव्हा घर तयार हवं. दारात एक फुटाची पायरी असेल तर उतार बारा फुटांचा लागतो. गवंडी पाच फुटांत बसवून देतो म्हणेल, ऐकू नका, तो घसरगुंडीचा उतार होतो. संडासचं दार तीन फुटी करून घ्या. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करावे लागतात. ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की 'निधी नाही' हे उत्तर पाठच असतं. राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ धंद्याला कमी व्याजानं कर्ज देतं, पण पहिल्या वर्षी कर्ज काढू नका. आधी दुसऱ्याच्या दुकानात हात बसू दे.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे, ३४ कामगार. एका संस्थेनं दोन मूकबधिर मुलं इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार माल तपासायला, घ्या म्हणून गळ घातली आहे. मुलं हुशार दिसतात. पण फोरमननं बोलायचं कसं? उद्या फोर्कलिफ्टखाली आला तर? आणि शिकेपर्यंत अर्धा पगार दिला तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही चालणार. किमान वेतन कान बघून ठरत नाही. तुमच्याकडं नवा ऐकणारा मुलगा शिकत असताना त्याला जे देता तेच द्या. संस्थेनंच 'काहीही द्या, त्याला बिझी ठेवा' असं म्हटलं असेल तर त्या संस्थेशी मला बोलायचंय.

कायद्याचं थोडक्यात सांगते. ४ टक्के आरक्षण सरकारी जागांना आहे, तुमच्यावर सक्ती नाही. पण दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आणि त्याखालचे नियम म्हणतात, की २० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेनंही समान संधीचं धोरण लिहून ठेवायचं. तुमची ३४ आहेत. एक-दोन पानांचं काम आहे, संस्थेकडून नमुना मागून घ्या. या मुलांचा प्रोफेशनल टॅक्स कापू नका, अपंगत्वाच्या दाखल्यावर माफी असते. तुमच्या अकाउंटंटला हे ठाऊक नसण्याची शक्यता बरीच आहे.

अपघाताची भीती खरी आहे, पण ती ऐकणाऱ्यांनाही लागू आहे. तुमच्या शॉपमध्ये कॉम्प्रेसर चालू असताना हॉर्न कुणाला ऐकू येतो, खरं सांगा? फोर्कलिफ्टला फिरता दिवा लावा. सायरनच्या जोडीला लाइट लावा. फोर्कलिफ्टची वाट जमिनीवर पिवळ्या पट्ट्यानं आखा आणि इन्स्पेक्शनचं टेबल असं ठेवा की मुलाची पाठ भिंतीकडं राहील, येणारा-जाणारा समोरून दिसेल. एक गोष्ट सगळ्या कामगारांना बजावा: हात मशीनवर असताना मागून खांद्याला हात लावायचा नाही. माणूस दचकतो. वळसा घालून समोर यायचं.

बोलण्याचं लोकांना वाटतं त्यापेक्षा सोपं आहे, आणि एका जागी अवघड. सोपं असं, की मुलं पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना खुणेची नावं ठेवतात. आमच्या एका मुलानं फोरमनचं नाव ओठांवर दोन बोटं फिरवून मिशी असं ठेवलं होतं. फोरमननं पुढं मिशी काढली, पण नाव तेच राहिलं. 'ओके', 'रिजेक्ट', 'रिवर्क', 'साहेब आले' या खुणा पोरं तुम्हालाच शिकवतील. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश आहे, फोनवर व्हिडिओ बघता येतात, पण 'बर राहिलाय' (कडेला धातूची कणी राहिलीय) याची खूण त्यात शोधत बसू नका, तुमची तुम्ही बनवा.

अवघड जागा म्हणजे लिहिलेलं मराठी. आपल्याला वाटतं ऐकू येत नाही ना, मग लिहून देऊ. पण जन्मापासून न ऐकलेल्या मुलाला मराठी ही डोळ्यांनी शिकलेली परकी भाषा असते, आणि खुणांच्या भाषेचं व्याकरण वेगळं. एका कारखान्यात मी लावलेला मुलगा होता. नोटीस लागली: 'येत्या सोमवारी सुट्टी राहणार नाही, त्याऐवजी गुरुवारी राहील.' त्यानं 'सोमवारी' वाचलं, 'सुट्टी' वाचलं आणि सोमवारी घरी राहिला. गुरुवारी डबा घेऊन बंद गेटवर हजर. पगार कापला, वर 'बेजबाबदार' असा शेरा. तो मला गेटचा फोटो दाखवत होता, रिकाम्या रस्त्याचा. चूक माझीही होती, मी पहिल्या महिन्यानंतर तिकडं फिरकले नव्हते. तेव्हा कॅलेंडर घ्या, तारखेवर फुली किंवा बरोबरची खूण करा. वाक्यं छोटी, आणि 'ऐवजी', 'असता', 'नसल्यास' असले शब्द टाळा. संस्थेकडून लेखी घ्या की दुभाषी पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा येईल आणि नंतर पगार, वाद, सुरक्षेची मीटिंग अशा वेळी बोलावल्यावर येईल. दोघांना एकदम घेताय हे चांगलं. एकटा मुलगा जेवणाच्या सुट्टीत फार एकटा पडतो.

प्रश्न : मी २४ वर्षांची, पूर्ण अंध, मूळची लातूर जिल्ह्यातली. पुण्यात बँकेत क्लार्क आहे. संस्थेच्या होस्टेलची मुदत मार्चमध्ये संपते. मला स्वतंत्र खोली घ्यायची आहे. तीन घरमालकांनी गॅसच्या भीतीनं नाही म्हटलं. भाऊ म्हणतो, आईला घेऊन राहा. आईचं सगळं गावाकडं आहे. मी हट्टी आहे का?

उत्तर : आहेस, आणि राहा. दिवसभर लोकांच्या पैशाचे व्यवहार सांभाळतेस, चहाचं आधण सांभाळता येणार नाही होय?

घरमालकाशी वाद घालू नकोस. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं काय केलं सांगते. मालकीणबाई दारातच 'गॅसचं काय गं' म्हणाल्या. ही म्हणाली, 'काकू, तुमच्या ओट्यावर चहा करू का?' बाई गोंधळल्या, हो म्हणाल्या. हिनं एकदा ओट्यावरून हात फिरवला, शेगडी, लायटर, साखरेचा डबा कुठंय ते विचारून घेतलं. पातेलं आधी बर्नरवर मध्यावर बसवलं, मग गॅस पेटवला. बोट लावून नाही, आवाजावरून तिला कळलं की चहा वर यायला लागलाय. बाईंनी पुढं तिला भाडं कमी नाही केलं, पण खोली दिली. सगळीकडं हे जमेल असं नाही. इंडक्शन घेतलीस तर प्रश्नच मिटतो, फक्त टचचं पॅनल नको, बटणं हाताला लागतील अशी बघ.

संस्थेकडून जाण्याआधी एक गोष्ट हक्कानं माग. पांढरी काठी शिकवणारे शिक्षक असतात ना, त्यांचे दोन रविवार. नव्या खोलीपासून बसस्टॉप, किराणा, मेडिकल, एटीएम. होस्टेलचा रस्ता येतो म्हणजे पुणं येतं असं नाही, आणि पहिल्याच आठवड्यात उघड्या गटाराशी गाठ पडली तर भाऊ दुसऱ्या दिवशी आईला घेऊन हजर होईल. नोटांचं तुला मी काय सांगणार, तरी इथल्या डोळस वाचकांसाठी सांगते: पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, शंभराची १४२. अंध माणसानं रिक्षावाल्यासमोर उभं राहून हा चार मिलिमीटरचा फरक बोटानं ओळखायचा. रिझर्व्ह बँकेचं नोट ओळखून सांगणारं 'मनी' ॲप २०२० पासून आहे, पण रिक्षात फोन कोण काढत बसतो. घरूनच नोटा वेगवेगळ्या घड्या घालून ठेवत जा.

भाडेकरार तुझ्याच नावावर कर. ऑनलाइन नोंदणीत अंगठा लागतो, तो तुझा. भाऊ साक्षीदार म्हणून राहील. आईला दिवाळीत बोलाव, चार दिवस, पाहुणी म्हणून.

प्रश्न : मी सांगलीचा निवृत्त शिक्षक. पत्नीच्या वर्षश्राद्धानिमित्त ५०,००० रुपये अपंगांसाठी द्यायचे आहेत. तीनचाकी सायकली वाटाव्यात असा विचार आहे. छोटा कार्यक्रम, हार, फोटो. आपलं मत कळवावं.

उत्तर : गुरुजी, सायकली नकोत. उपकरणं सरकारी योजनेतून मिळतात, मापानं मिळतात. कार्यक्रमात वाटलेली सायकल एका मापाची असते, आणि माणसं वेगवेगळ्या मापांची. आमच्या संस्थेच्या मागच्या बाजूला अशा चार गंजताहेत, एकीच्या सीटवर कोंबडी बसते.

मी सांगते ते बॅनरवर लिहिण्यासारखं नाही. मुलाला नोकरी लागते एक तारखेला. पगार होतो पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. मधले चाळीस दिवस खोलीचं डिपॉझिट, मेस, बसचा पास, कंपनीनं सांगितलेले बूट, हे सगळं कुठून आणायचं? घरचे आधीच 'कशाला जातोस' म्हणत असतात, त्यांच्याकडं मागायचं नाही. या चाळीस दिवसांत नोकरी सोडून परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत. काम जमलं नाही म्हणून गेली असंच सगळे म्हणतात. माझ्या पहिल्या नोकरीत ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती, जिने मी चढले. पण मेसचे पैसे चुकते करायला हातातली अंगठी विकली होती.

तुमच्या ५०,००० मध्ये दहा जणांना प्रत्येकी पाच हजार उसने देता येतील. पगारातून पाचशे-पाचशे करून परत घ्यायचे आणि पुढच्याला द्यायचे. संस्थेत याची वेगळी वही ठेवायला सांगा, वहीवर वहिनींचं नाव घाला. वर्षातून एकदा येऊन ती वही तपासा. शिक्षक आहात, चुका सापडतील. आणि आयकर सवलतीची (८०-जी) पावती आठवणीनं मागून घ्या. संस्थावाले विसरतात, गेल्या मार्चमध्ये मीच दोघांची विसरले होते.